‘पोस्ट’ शब्दाचे मंजूर अर्थ

परवा नातू शब्दकोडं सोडवत बसला होता. मध्येच त्याने विचारलं, "आजोबा, इंग्रजी पोस्ट शब्दाला अर्थ किती?" मी चटकन विचारलं, "मंजूर झालेले की खरे?" त्याने माझ्याकडे जरा काळजीने पाहिलं आणि आजीला हाक मारली.

त्याचं तरी काय चुकलं! मास्तरकीत किस्से कोणी जमवत नाही, ते खडूच्या भुकटीसारखे अंगावर बसत जातात. एक झटकायला जावं तर चार उडतात. त्यातले एकाच शब्दाचे आणि एकाच वर्षाचे आज सांगून टाकतो, म्हणजे माझं डोकं अजून शाबूत आहे हे घरच्यांनाही कळेल.

वर्ष स्वराज्य येण्याच्या आदलं. गाव कोपरगाव. तिथे नुकतीच निघालेली एक खासगी इंग्रजी शाळा, तीन इयत्ता, सहा मास्तर आणि एक घंटा. शाळेचं नाव सांगत नाही. तिथे शिकलेले काही लोक अजून हयात आहेत आणि त्यांचं इंग्रजी त्यांना आधीच पुरेसं छळतंय.

हेडमास्तर होते टेंभेकर. शाळेत येण्याआधी त्यांनी बरीच वर्षं एका नगरपालिकेत कारकुनी केली होती आणि सभांचे वृत्तांत लिहून लिहून त्यांचा एक पक्का समज झाला होता. ठरावात आलं ते खरं, बाकी सगळी अफवा. शाळेत आल्या आल्या त्यांनी फळा, खडू, नकाशे काही मागितलं नाही. लाल कापडाच्या बांधणीची एक जाडजूड ठराववही मागितली.

*

पहिला ठराव घोड्यावरून झाला.

दुसरीच्या इंग्रजी पुस्तकात एक वाक्य होतं, ‘द फार्मर टाइड हिज हॉर्स टु द पोस्ट.’ इंग्रजी शिकवायचे सोनवणेमास्तर. ते एक दिवस तापाने आले नाहीत म्हणून तास संस्कृतच्या शास्त्रीबुवांना दिला. शास्त्रीबुवांनी सांगितलं, शेतकऱ्याने आपला घोडा टपालकचेरीला बांधला. दुसऱ्या दिवशी सोनवणे आले आणि त्यांनी सांगितलं, शेतकऱ्याने घोडा खांबाला बांधला. वर्गात शाळेच्या अध्यक्षांचा पुतण्या होता. त्याने दोन्ही घोडे घरी नेले.

अध्यक्ष म्हणजे गुळाचे मोठे व्यापारी. सगळे त्यांना शेठजी म्हणत. ते तडक शाळेत आले आणि खुर्चीत न बसताच म्हणाले, "पोरगं एक, शब्द एक आणि अर्थ दोन? आम्ही दुकानात दोन वजनं ठेवली तर आम्हाला पकडतात."

झालं, हेडमास्तरांनी सभा बोलावली. सोनवण्यांचं म्हणणं एवढंच की शब्दकोश उघडून बघावं. शब्दकोश शाळेचाच होता, शेठजींनीच तो देणगी दिला होता. पण पोरं मळवतील म्हणून तो शेठजींच्याच घरी काचेच्या कपाटात होता आणि शेठजी तर निघून गेलेले. तेव्हा प्रत्यक्ष पाहणी करावी असं ठरलं. आम्ही सहाही मास्तर मिरवणूक निघाल्यासारखे गावच्या पोस्टापाशी गेलो. पोस्टासमोर टांग्यांचा अड्डा होता. तिथे एक घोडा बांधलेला होता. खांबाला बांधलेला होता. आणि खांब पोस्टासमोर होता.

"पाहिलंत?" शास्त्रीबुवा म्हणाले.

"पाहिलं," सोनवणे म्हणाले.

परत येऊन मतं घेतली. टपालकचेरीच्या बाजूने पाच आणि खांबाच्या बाजूने एक. सोनवणे उभे राहून शांतपणे म्हणाले, "साहेब, अर्थ मतांनी ठरत नसतो."

"मग कशाने ठरतो?"

"बघून."

"बघूनच आलो ना आत्ता," असं म्हणून हेडमास्तरांनी टाक बुडवला आणि लिहिलं, ‘पोस्ट म्हणजे टपालकचेरी. ठराव मंजूर. सोनवणे विरुद्ध.’

त्या पाचांत मीही होतो. मला पोस्टचा दुसरा अर्थ ठाऊक होता, हे आता कबूल करायला हरकत नाही. पण मी नवीन होतो, हंगामी होतो, आणि माझा हात फार लवकर वर जायचा.

*

मत घ्यायची गोडी एकदा लागली की सुटत नाही. श्रावणात शाळेचं घड्याळ बंद पडलं. शिपाई घंटेपाशी उभा, मधली सुट्टी द्यायची की नाही कळेना. हेडमास्तरांनी मास्तरांच्या खोलीत येऊन विचारलं, किती वाजले असावेत? शास्त्रीबुवा म्हणाले दोन. चित्रकलेचे मास्तर म्हणाले पावणेतीन, कारण त्यांना भूक लागली होती. चर्चा झाली आणि अडीच मंजूर झाले.

सोनवण्यांच्या खिशात एक जुनं घड्याळ असायचं, मिशनमधल्या पाद्रीसाहेबांनी दिलेलं. त्यांनी ते काढून दाखवलं. तीन वाजून पाच मिनिटं झाली होती.

हेडमास्तरांनी घड्याळ हातात घेतलं, कानाला लावलं आणि आदराने परत दिलं. "तुमचं घड्याळ चांगलं आहे," ते म्हणाले, "पण ते सभासद नाही."

वहीत नोंद झाली, अडीच वाजले, सोनवणे विरुद्ध. गंमत अशी की त्या दिवशी शाळाही अडीचाच्या हिशेबाने सुटली आणि घरी पोचलो तेव्हा चहा निवून गेला होता.

*

इथे सोनवण्यांविषयी सांगायला हवं. ते नेवाशाकडच्या एका खेड्यातले. आजोबा ख्रिस्ती झालेले, वडील मिशनच्या बंगल्यावर स्वयंपाकी. पाद्रीसाहेबांच्या व्हरांड्यात बसून ते इंग्रजी शिकले. कुठलाही शब्द विचारला की पाद्रीसाहेब अर्थ सांगत नसत, कपाटाकडे बोट दाखवत आणि म्हणत, "मला विचारू नकोस, बघ." त्यामुळे सोनवण्यांना शब्द बघायची खोड लागली होती. आम्हा बाकीच्यांना शब्द ऐकायची खोड होती.

त्यांच्या इंग्रजीला आमच्या खोलीत ‘मिशनचं इंग्रजी’ म्हणत. म्हणजे जरा कमी प्रतीचं. का कमी प्रतीचं, ते कोणी बोलून दाखवत नसे, पण पाण्याच्या माठावरचा पितळी पेला आमचा होता आणि ते घरून तांब्या आणत, एवढ्यावरून ओळखा. मीही त्या पेल्याने पाणी प्यायचो आणि काही बोलायचो नाही. त्या पाण्याची आज लाज वाटते.

असो. दसरा आला.

दसऱ्याला शेठजींच्या घरी सरस्वतीपूजन असे आणि वर्षातून त्या एका दिवशी आमचा शब्दकोश कपाटाबाहेर येई. चौरंगावर मांडून त्याला हळदकुंकू, फुलं, आपट्याची पानं वाहत. आम्ही मास्तर मंडळी नवे सदरे घालून गेलो. सोनवण्यांना बाहेर ओट्यावर बसवलं. ते ओट्यावरून खिडकीतून आत बघत होते. मला आधी वाटलं की प्रसादाकडे बघतायत. ते शब्दकोशाकडे बघत होते.

आरती झाल्यावर त्यांनी शेठजींना अदबीने विचारलं, "शेठजी, एकच शब्द बघू का? खिडकीतून धरलात तरी चालेल. मी हात लावत नाही."

शेठजी दचकले. "पूजेला मांडलेलं पुस्तक उघडत नाहीत मास्तर. आज ते देव आहे."

"मग उद्या येऊ?"

"उद्या ते कपाटात असतं."

हेडमास्तर हसले, शास्त्रीबुवा हसले, मीही हसलो. सोनवण्यांनी प्रसाद घेतला, खिडकीतून पुस्तकाला एकदा नमस्कार केला आणि गेले. त्या वर्षी त्या शब्दकोशाला मनापासून नमस्कार करणारा माणूस मला वाटतं तेवढा एकच होता.

*

अर्थ मंजूर झाला तरी शब्द आला कुठून हा प्रश्न उरलाच होता. शास्त्रीबुवांचं एक व्रत होतं. जगातला प्रत्येक इंग्रजी शब्द आपल्याकडून चोरीला गेलेला आहे हे सिद्ध केल्याशिवाय त्यांना जेवण जात नसे. पोस्ट हा शब्द त्यांनी एका दुपारी सोडवला. दिवाळीला टपालवाला, न्हावी, शिपाई घरोघर जी खुशी मागतात तिला आपण काय म्हणतो? पोस्त. पोस्त मागणारा जिथे नोकरी करतो ते पोस्ट!

खोलीत टाळ्या पडल्या. सोनवणे म्हणाले, पाद्रीसाहेबांकडे वाचलेलं त्यांना वेगळंच आठवतं. पूर्वी तिकडे रस्त्यावर ठरावीक अंतरावर माणसं आणि घोडे ठेवलेले असत, निरोप पुढे न्यायला. लॅटिनमध्ये ‘ठेवलेलं’ असा एक शब्द आहे, त्यातून टपालाचं पोस्ट आलं. आणि खांबाचं पोस्ट त्याहून निराळं, ते लॅटिनमधल्या खांबाच्या शब्दातूनच आलं.

"इथे लॅटिन कोणाला येतं?" हेडमास्तरांनी विचारलं. कोणालाच येत नव्हतं. "आणि पोस्त कोणाकोणाला ठाऊक आहे?" पाच हात वर गेले. तरी हेडमास्तर न्यायी माणूस. त्यांनी तज्ज्ञाची साक्ष काढायची ठरवली आणि टपाल घेऊन आलेल्या पोस्टमनलाच आत बोलावलं.

पोस्टमनने दोन्ही बाजू उभ्या उभ्या ऐकून घेतल्या. मग म्हणाला, "त्या घोड्याचं मला काय ठाव न्हाई. पर दिवाळीला पोस्त मिळती, ह्ये लई खरं हाय."

ठराव मंजूर. सोनवणे विरुद्ध.

पोस्टमनने जाताना ठरावाची सही-शिक्क्याची नक्कल मागून घेतली. आम्हाला वाटलं, त्याला भाषेची आवड दिसते. त्या दिवाळीत तो ती नक्कल घेऊन घरोघर फिरला आणि प्रत्येक दारात म्हणाला, "शाळंनं पास केलंय."

*

ड्रिलमास्तर कदम हे लढाईवरून परत आलेले. सरळ माणूस. खोलीत ते फारसं बोलत नसत आणि मत देताना हात असा वर करत की खांदा वाजायचा. एकदा थंडीत ऊन खात बसलो असताना ते सहज म्हणाले की त्यांच्या पलटणीत पोस्ट म्हणजे पहाऱ्याची चौकी.

हेडमास्तर गंभीर झाले. "टपालकचेरी हा अर्थ मंजूर आहे कदम. जागा भरलेली आहे."

"पर साहेब, मी त्या पोस्टावर तीन म्हैनं हुबा हुतो की."

"तिथे टपाल वाटत होता काय?"

"न्हाई. गोळ्या येत हुत्या."

बंदुकीचा विषय निघाल्यावर हेडमास्तर जरा नरमले. त्यांनी मार्ग काढला. चौकी हा अर्थ हंगामी म्हणून घ्यावा, मार्चअखेर काम बघून कायम करण्याचा विचार व्हावा. पाच हात वर गेले, कदमांचा सगळ्यात उंच. विरुद्ध एक. सोनवणे.

या वेळी आम्हालाही नवल वाटलं. कदम तर दुखावलेच. "मास्तर, तुमी तरी आमच्या बाजूनं पायजे हुता. आमी खोटं बोलतो का?"

"न्हाई कदम. तुम्ही सांगितलेला अर्थ अगदी बरोबर आहे."

"मग?"

"बरोबर आहे म्हणूनच. त्यावर मत कशाला घ्यायचं?"

हेडमास्तरांनी हेही शब्दन् शब्द टिपून घेतलं. ‘सोनवणे विरुद्ध. कारण: अर्थ बरोबर असल्यामुळे.’ लिहून झाल्यावर त्यांनी ते दोनदा वाचलं आणि वही समाधानाने मिटली.

*

ते समाधान कशाचं, हे जानेवारीत कळलं. शाळेत हंगामी मास्तर दोन होते, मी आणि सोनवणे. शेठजींच्या कमिटीने कळवलं की जूनपासून कायम पोस्ट एकच राहील. पोस्टचा हा अर्थ मात्र कोणी मताला टाकला नाही. तो सगळ्यांना न बघता ठाऊक होता.

माझं काय, माझे वडील गावातच वकिलाकडे कारकून, घर स्वतःचं. नोकरी गेली असती तर चार दिवस आईने लाड केले असते. सोनवण्यांचं तसं नव्हतं. बायको, दोन मुली. कोपरगावात खोली मिळवायला त्यांनी किती दारं पुजली होती ते त्यांचं त्यांना माहीत. अखेर एकाने दिली ती ‘मास्तर’ या शब्दावर. ‘सोनवणे’ या नावावर कोणी दिली नसती. मास्तरकी गेली की खोली जाणार आणि मुलींची शाळाही जाणार, हे ते एकदाच आणि सहज बोलल्यासारखं बोलले होते.

सहामाहीच्या परीक्षेत तो घोडा पुन्हा आला होता. अर्ध्या वर्गाने खांब लिहिला, कारण सोनवणे वर्गात अजूनही खांबच शिकवत होते. हेडमास्तरांनी ते पेपर सोनवण्यांकडून काढून माझ्याकडे दिले आणि ठरावानुसार तपासायला सांगितलं. मी बसून एकेक खांब कापला. लाल पेन्सिल संपत आली.

सोनवणे समोरच बसले होते. बराच वेळ बघून त्यांनी विचारलं, "पाठक, हात दुखत नाही का तुमचा?"

"एवढं काय, तीस-पस्तीस तर पेपर आहेत," मी म्हणालो.

"कापायचा नव्हे. वर करायचा."

मला राग आला. राग यावा असंच ते होतं, कारण खरं होतं. पुढचे चार दिवस मी त्यांच्याशी बोललो नाही आणि पाचव्या दिवशीच्या सभेत हात वर केला.

हेडमास्तरांची तयारी जोरात चालली होती. माझ्या शिफारसपत्रात त्यांनी लिहिलं, ‘सदैव बहुमताबरोबर असतात.’ अशी स्तुती माझ्या वाट्याला पुन्हा कधी आली नाही. सोनवण्यांच्या विरुद्ध वेगळं काही लिहायची गरजच नव्हती. वही होती. वर्षभरात बेचाळीस ठराव झाले होते आणि बेचाळीसच्या बेचाळीस ठिकाणी तो माणूस आडवा! दिपोटीसाहेब, म्हणजे शाळाखात्याचे तपासनीस, तपासणीला येतील तेव्हा ती त्यांच्यापुढे ठेवायची, एवढंच बाकी होतं.

*

दिपोटी आले ते मार्चच्या उन्हात, टांग्यातून. टांग्याचा घोडा शाळेच्या आवारातल्या खांबाला बांधला हे मी मुद्दाम पाहून ठेवलं. बुटके, घामाघूम, चष्मा सारखा नाकावरून घसरणारे गृहस्थ. त्यांनी वर्ग पाहिले, हजेरी पाहिली, उसाचा रस घेतला. मग हेडमास्तरांनी आम्हा सगळ्यांना खोलीत बोलावून लाल वही दोन्ही हातांनी त्यांच्यापुढे ठेवली. "साहेब, एका शिक्षकाच्या वर्तनाबद्दल आहे. मी तोंडाने काही सांगत नाही. आपणच वाचावं."

साहेबांनी पहिलं पान वाचलं आणि हसले. दुसरं वाचलं आणि आणखी हसले. आम्हीही हसायला सुरुवात केली. तिसऱ्या-चौथ्या पानावर ते थांबले, चष्मा पुसला आणि पुन्हा पहिल्या पानापासून वाचायला लागले. आता ते हसत नव्हते. बोट ओळीवर ठेवून एकेक ठराव वाचत होते. पोस्ट, घड्याळ, पोस्त, मग दिवाळीनंतरचे बाकीचे शब्द. प्रत्येक ठरावाखाली बोट त्याच दोन शब्दांवर थांबे. शास्त्रीबुवांनी उपरणं सारखं केलं.

शेवटी त्यांनी वर पाहिलं. "हे सोनवणे कोण?"

"तेच साहेब," हेडमास्तर उजळले, "तेच आपल्या नजरेस आणायचं होतं."

सोनवणे उभे राहिले. साहेबांनी वही मागे चाळून एक पान काढलं. "एक मला कळलं नाही. इथे चौकी हा अर्थ तर बरोबर आहे. तरी तुम्ही विरुद्ध?"

"होय साहेब. बरोबर होता, मग मत घ्यायचं कारण नव्हतं."

साहेबांनी ते पान बोटाने धरून ठेवलं. मग हेडमास्तरांकडे वळून त्यांनी विचारलं, "शाळेत शब्दकोश नाही?"

"आहे साहेब. दर वर्षी त्याची पूजा होते."

साहेबांनी शेरेबुक मागितलं. शेरा तीन ओळींचा होता आणि तो मला अजून पाठ आहे. ‘शब्दकोश आठ दिवसांत शाळेत आणावा. या शाळेत इंग्रजी जाणणारे एक शिक्षक आहेत. त्यांचे नाव शोधण्याचे श्रम हेडमास्तरांच्या वहीने वाचवले.’

टांगा निघाला तेव्हा त्यांनी खाली वाकून हेडमास्तरांना विचारलं, "ही कायम पोस्ट कोणाला देताय?" आणि उत्तराची वाट न बघता निघून गेले. जूनमध्ये मला दुसरी शाळा शोधावी लागणार (पुढे ती संगमनेरला मिळाली) हे मला तिथल्या तिथे कळलं. वाईट वाटलं, खोटं कशाला बोलू. पण कित्येक महिन्यांनी प्रथमच मला सोनवण्यांच्या डोळ्याला डोळा देता आला.

*

दुसऱ्या दिवशी चौथ्या तासाला हेडमास्तरांनी सभा बोलावली. रात्रभर त्यांना झोप नसावी, पण इस्त्रीचा कोट घालून आले होते. "साहेबांचा शेरा शिरसावंद्य आहे," ते म्हणाले, "पण शेरा म्हणजे ठराव नव्हे. कमिटीकडे जे जायचं ते रीतीने जाईल."

त्यांनी ठराव स्वतः मांडला आणि सावकाश वाचला. ‘श्री. सोनवणे यांना इंग्रजी येते. सबब त्यांना कायम करण्याची शिफारस करण्यात यावी.’

शास्त्रीबुवांचा हात सगळ्यांत आधी गेला. कदमांचा खांदा वाजला. चित्रकलेच्या मास्तरांनी या वेळी आधी ठराव नीट विचारून घेतला आणि मग हात वर केला. हेडमास्तरांनी स्वतःचा केला. मीही केला. बहुमताबरोबर, नेहमीसारखा.

"विरुद्ध?" हेडमास्तरांनी वहीकडे बघतच, सवयीने विचारलं.

सोनवणे कोपऱ्यात वह्या तपासत बसले होते. त्यांनी हातातली वही पूर्ण केली, खाली सही केली, पेन्सिल कानावर ठेवली आणि हात वर केला.

कदम पुढे झुकून म्हणाले, "आवो मास्तर, तुमच्याच पोस्टाचं चाललंय न्हवं!"

सोनवण्यांनी मान डोलावली. हात तसाच होता.

हेडमास्तरांनी वहीवरून मान वर केली. "सोनवणेमास्तर," ते म्हणाले, आणि तो माणूस एवढ्या हळू बोललेला मी कधी ऐकला नव्हता, "हा ठराव तुमच्या बाजूचा आहे. आणि आम्ही मांडलाय ते खरं आहे."

"व्हय साहेब," सोनवणे म्हणाले. "खरं हाय."

हेडमास्तरांनी टाक बुडवला. दौतीच्या काठाला तो दोनदा टेकवला, आणि लिहिलं, ‘ठराव मंजूर. सोनवणे विरुद्ध.’